सोडा म्हटल्याशिवाय

परवा इथे जबलपूरला आमच्या कारखान्यासमोर एक बाप आपल्या पोराला सायकल शिकवत होता. सीट धरून मागे पळत होता आणि "पकडा है, पकडा है" म्हणता म्हणता त्याने हळूच हात काढून घेतला. पोरगा पन्नास पावलं छान गेला. मग त्याने मागे वळून बघितलं, बाप दिसला नाही, आणि गडी थेट गटारात. बाप हसला, रस्त्यावरचे सगळे हसले. मी हातातली बाटली खाली ठेवली आणि एकदम म्हणालो, "आमच्या केरूनानांनी तुला कान धरून उभा केला असता." मराठीत म्हणालो, त्यामुळे कुणाला कळलं नाही. बरंच झालं.

तेव्हापासून केरूनानांबद्दल लिहावं असं मनात आहे. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, घरी खुशालीचं पत्र टाकण्यापलीकडे हात चालत नाही. शिवाय धास्ती अशी की मी लिहीन एक आणि नाना होते दुसरेच, असं व्हायचं. पण ज्यांना नाना नीट माहीत आहेत ती माणसं नाशकात, ती काही लिहायला बसत नाहीत. मग मीच बसलो. चुकलं तर नानांचंच एक वाक्य पाठीशी आहे : "पडलास तर पडल्याची जागा बघून ठेव. उद्या तिथं पडू नको, दुसरीकडं पड."

गंगेपलीकडे, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीपलीकडे, तपोवनाच्या वाटेवर नानांचा मळा होता. झेंडू, गुलाब, थोडी शेवंती, कडेला घरापुरती मेथी-कोथिंबीर. बुटकी मूर्ती, डोक्याला मुंडासं, मुंडाशात खोवलेलं एखादं फूल, तेही विकायला न चालणारं, एक पाकळी कमी असलेलं. पोटऱ्या अशा की धोतर वर खोचलं की बघणाऱ्याला वाटावं, नारळ बांधलेत. डावा गुडघा पुरता वाकायचा नाही, त्यामुळे चालताना ते नेहमी सायकलवरून उतरत असल्यासारखे दिसायचे. एका कानाने कमी ऐकू यायचं. "दुसऱ्यानं पायजे तेवढं येतं," असं ते म्हणत, आणि पाहिजे तेवढं म्हणजे किती हे ऐन वेळी ठरवत.

ह्या माणसाने कधीकाळी देवळालीच्या कँपातल्या गोऱ्या सोजिरांना सायकलच्या शर्यतीत लागोपाठ तीन वर्षं मागे टाकलं होतं, हे मला पहिला महिनाभर माहीतच नव्हतं. कळलं तेही काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, ज्वारीच्या डब्यामुळे. काकू दळणाला ज्वारी काढत होत्या ते माप मला वेगळंच दिसलं. दोन कानांचं, नक्षीचं, काळं पडलेलं. मी म्हणालो, "काकू, हे भांडं कसलं?"

"हे होय? यांचं बक्षीस," काकू म्हणाल्या. "पयल्या सालचं फुटकं निघालं, त्यात तुळस लावली. दुसऱ्या सालचं पोरीला दिलं. हे मापाला बरं हाय. काठोकाठ भरलं की दोन माणसांच्या भाकरी व्हतात, बोट उणं ठिवलं की यांच्या एकट्याच्या."

नानांना शर्यतीचं विचारलं तर ते जिंकलेल्या तीन शर्यती सोडून त्यांच्याही आधीच्या एका शर्यतीची गोष्ट सांगत, जी मुळात त्यांनी लावलीच नव्हती. तरुणपणी ते रोज सकाळी कँपातल्या बंगल्यांवर फुलं पोचवायला जात. फुलाला ऊन लागायच्या आत पोचायचं, ह्या एका घाईनेच त्यांचे पाय तयार झाले होते. एके दिवशी उशीर झाला. पाठीमागे फुलांची पाटी बांधलेली, आणि रस्त्यात बघतात तर दहा-बारा गोरे चड्ड्या घालून सायकली हाणतायत. "मला वाटलं, यांनाबी उशीर झालाय," नाना सांगायचे. "म्हटलं, पाव्हणं, बाजूला! आन् गेलो पुढं. तर पुढं कुणीतरी रस्त्यावर आडवी फीत बांधून ठिवलेली. माझी सगळी शेवंती त्या फितीत गुतली की रं! मी उतरून असा भांडलो, असा भांडलो… आन् ते सगळे टाळ्या वाजवायलेत. मला वाटलं, माझ्या नुसकानीवर हसत्यात."

पुढच्या वर्षी साहेबाने त्यांना माणूस पाठवून बोलावलं. "या खेपेला फुलं आणू नका, असा निरोप व्हता," हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर अजूनही थोडा अपमान दिसे.

गुडघा गेला तो शर्यतीत नाही. विहिरीच्या पायरीवर शेवाळ होतं, त्यावरून गेला. ते त्यांना फार लागलं होतं. "टांग्याखाली आलो असतो तर सांगायला तरी बरं व्हतं," म्हणायचे. शर्यती संपल्या, आणि मग कधीतरी त्यांनी पोरांना सायकल शिकवायला घेतलं.

नानांकडे तीन सायकली होत्या. त्यातल्या एकीलाही घंटी नव्हती. नानांनी ती स्वतः काढून टाकली होती. "घंटी वाजवली की वाजवणाऱ्याला वाटतं, आता पुढचं पुढच्यानं बघावं. तोंडानं बोला. पाव्हणं म्हणा, मावशी म्हणा. माणूस हाये समोर." बुधवार सोडून रोज सकाळी उजाडताना घाटाच्या सपाट जागेवर वर्ग भरायचा. बुधवारी तिथे बाजार. फी म्हणून शिकून झाल्यावर प्रत्येकाने मळ्यात झेंडूच्या एका वाफ्याला पाणी द्यायचं. त्यामुळे नाशकातल्या तांबटांची, भटजींची, शिंप्यांची पोरं सायकलीबरोबर दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवायलाही शिकली. एका भटजींनी तक्रार केली की आमचा गजानन घरी येतो तो चिखल घेऊन. नाना म्हणाले, "सायकल घिऊन आला असता तर चाललं असतं का?"

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं, कारण त्यात माझी लबाडी नव्हती, हे मला आजही कुणालातरी पटवून द्यावंसं वाटतं.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. मी सटाण्याच्या पलीकडच्या खेड्यातला, तेव्हा एकोणीस वर्षांचा. नाशकात भद्रकालीत इस्माईलशेटच्या सोडावॉटरच्या कारखान्यात मामाच्या ओळखीने लागलो. कारखाना म्हणजे दीड खोली. काचेच्या गोळीने तोंड बंद होणाऱ्या बाटल्या धुवायच्या, मशीनचं चाक फिरवून भरायच्या, आणि पेटी डोक्यावर घेऊन "सोडाऽऽ, गोळीचा सोडाऽऽ" ओरडत गल्ल्या फिरायच्या. राहणं-झोपणं पेट्यांच्या मागेच. एक दिवस शेटने विचारलं, "दामू, सायकल येते का?"

मला वाटलं, शेट आमच्या गावाचं विचारतायत. गाव अगदीच आडवळणी आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी घाईने म्हणालो, "येते ना, शेट!" आणि ती येतच होती. देवी टोचणारा डॉक्टर घेऊन यायचा. सगळं गाव बघायला जमायचं.

चार दिवसांनी शेटने जुनी पण भक्कम सायकल आणली. मागे पेटी बसेल असं लोखंडी कॅरिअर ठोकून घेतलं. म्हणाले, "नाशिक रोडच्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलंय. दसऱ्याला हिला हार घालू, आणि तुझी पहिली खेप. सायकल येणारा माणूस आपल्या घरातच निघाला, अल्लाची मेहेरबानी!"

दसऱ्याला सव्वा महिना होता. खरं बोलावं तर शेट दुसरा माणूस बघणार, आणि मला गावी परत जावं लागणार. गावात बापाने सांगून ठेवलेलं की पोरगा नाशकाला "कारखान्यात" आहे. मामाने शब्द टाकलेला. मी खरं बोललो नाही. रोज पहाटे "हात बसवायला नेतो" म्हणून सायकल ढकलत बाहेर काढायची आणि घाटावर जाऊन तिच्याकडे बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "काय पाव्हणं, ही सायकल तुमच्याशी बोलत न्हाई का?"

ते नाना. मागे सात-आठ पोरं उभी. सगळ्यांत मोठं पोर माझ्या कमरेएवढं.

मी सगळं सांगून टाकलं. घाबरलो म्हणजे माझ्या तोंडात आमची अहिराणी येते. शेवटी म्हणालो, "माले भ्याव वाटस, नाना."

पोरं खदखदून हसली. "वाटस! वाटस!" नाना हसले नाहीत. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला, गूळ चाखावा तसा. "भ्याव वाटस. चांगलं हाय. आपल्याकडं भीती वाटती म्हटलं की लाज वाटती, ह्याच्यात तसं न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात हजेरीच अशी सुरू झाली : "गजानन, आज भ्याव वाटस का?" "वाटस, नाना!" "यमू, तुला?" "नाही वाटस!" नाशकातली ब्राह्मण-तांबटांची पोरं अहिराणी बोलायला लागली ती माझ्यामुळे, एवढी माझ्या नावावर एक कामगिरी.

मोठा म्हणून मला सूट नव्हती. आधी हाफ पायडल, मग फुल पायडल, मगच सीट. हाफ पायडल म्हणजे दांड्याखालून पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला काढून चालवायचं, पायडल अर्धंच मारत; फुल म्हणजे तसंच, पण पुरं फिरवत. ती लहान पोरांची युक्ती. मी सहा फुटांना दोन बोटं कमी. "नाना, मी सरळ वरच बसतो की." "पयलीत बसल्याबिगर दुसरी न्हाई." मग मी त्या दांड्याखालून पाय घालायचो आणि यमू ओरडायची, "बघा बघा, सोडाकाका खिडकीतून घरात शिरतायत!"

ही यमू तांबटाची पोर, आठ वर्षांची, वर्गात एकटीच मुलगी. ती आली तेव्हा तिची आत्या मागोमाग घाटावर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ही आत्या म्हणजे घाटावरची नामांकित पोहणारी. पूर आला तरी पैलतीराला जाऊन येणारी बाई.

"नाना, मुलीच्या जातीला हे काय शिकवता? उद्या पाय मोडला तर कोण करील तिला?"

नाना म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही गंगेत उडी घेता तवा गंगा इचारती का, बाई हाय का बाप्या?"

"गंगेची गोष्ट वेगळी. गंगा आई आहे."

"मंग सायकलला मावशी म्हणा."

आत्याबाई तिथून हलल्या मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की नानांच्या आधी त्याच ओरडायच्या, "पुढे बघ! चाकाकडे काय बघतेस, चाक पळून जातंय का?" नाना मला हळूच म्हणाले, "आता माझं काम फकस्त सीट धरायचं उरलंय."

सीट धरायची त्यांची रीत मात्र दुसऱ्या कुणाला आली नाही. मूठ मारून ते कधीच धरत नसत. सीटखाली तीन बोटं घालत, फक्त तीन. "मुठीत धरली की सायकल माझी व्हती. तीन बोटात ती तुझीच ऱ्हाती." वाकत नसलेल्या गुडघ्याने ते लंगडत लंगडत मागे पळायचे, आणि पाठीमागून एकसारखं बोलत राहायचे, म्हणजे बसणाऱ्याला कळावं की नाना आहेत.

आणि त्यांचा नियम. सायकल शिकवणारे सगळे न सांगता सोडतात. नाना सोडत नसत. बसणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने "सोडा" म्हणायचं. तो म्हणेपर्यंत, मग आठ दिवस लागोत की दोन महिने, तीन बोटं सीटखाली. म्हटलं की नाना मोठ्याने "सोडला होऽ" असं उत्तर देत, आणि जिथे सोडला त्याच जागेवर हात तसाच पुढे ठेवून उभे राहत, पोरगं फेरी मारून परत येईपर्यंत. फुलांचा व्यापारी हाक मारो, पाऊस येवो, नाना त्या जागेवरून हलत नसत. यमूने तर पहिल्या दिवशी सायकलवर चढण्याआधीच "सोडा" म्हटलं होतं. नाना म्हणाले, "बाई, आधी धरू तरी दे."

एकदा वाफ्याला पाणी देताना मी त्यांना विचारलं, न सांगता सोडलं तर लवकर नाही का येणार? नानांनी पाटातलं ढेकूळ फोडून पाणी पुढे घातलं.

"मला माझ्या मामानं शिकवलं. तसंच. धरलंय धरलंय म्हणत सोडली. मी लय लांब गेलो. मंग काहीतरी सांगायला मागं बघितलं, तर मामा न्हाई. निवडुंगात पडलो. काटे काढायला दोन दिस लागले." त्यांनी आणखी एक ढेकूळ फोडलं. "काट्याचं काय न्हाई रं. मागं बघितलं आन् मामा नव्हता, ते ऱ्हायलं."

मग लगेच म्हणाले, "ए, पाणी बघ, तिकडं तुंबलं."

माझी अडचण सगळी इथेच होती. हाफ पायडल झालं, फुल पायडल झालं, सीटवर बसून घाटाच्या वीस फेऱ्या झाल्या. नाना मागून म्हणायचे, "गड्या, मी नुसता हात लावलाय, भार तुझा तूच घेतलायस. म्हण की." आणि मला म्हणता यायचं नाही. दिवसभर गल्लोगल्ली तोच शब्द घसा फोडून ओरडणारा मी, सीटवर बसलो की तोंड शिवल्यासारखं व्हायचं. पोरांना ही फार मोठी गंमत वाटायची. गजानन म्हणायचा, "काका, गिऱ्हाईक आलंय समजा." मी हसायचो. पण खरं कारण कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. घर सोडल्यापासून त्या शहरात मला कुणी धरलेलं असं तेवढंच होतं, सीटखालची तीन बोटं. ती आपल्या तोंडाने सोडा कशी म्हणायची?

दसरा आठ दिवसांवर आला. मधे बुधवार पडत होता, तोही मला वाया घालवायचा नव्हता. मी नानांच्या हातापाया पडलो. नाना म्हणाले, "चल, बाजाराच्या कडंकडंनं जाऊ. पोरं नकोत, दोघंच."

निघालो. एका बाजूला नदी, एका बाजूला भाजीच्या राशी. नाना मागून बोलतायत, मी चालवतोय. पिंपळाखाली एक न्हावी बसायचा. त्याला पित्ताचा त्रास, रोज माझ्याकडून एक बाटली घेऊन तिथल्या तिथे प्यायचा. त्याने मला बघितलं आणि वस्तरा वर करून सवयीने हाक मारली, "ओऽ, सोडाऽऽ!"

नानांचा कमी ऐकू येणारा कान त्याच्याच बाजूला होता.

मला काही कळलं नाही, नानांचं "सोडला होऽ"सुद्धा बाजाराच्या गलक्यात बुडालं. मी आपला चाललोय, आणि खुशीत बोलतोय, "नाना, आज वळण बरं जमलं ना? नाना, ती म्हैस आहे, डावीकडून घेऊ?" उत्तर नाही. "नाना?" मी मागे बघितलं. नाना लांब, पिंपळाजवळ, हात पुढे करून उभे.

पुढची गोष्ट वांग्यांच्या राशीत झाली. माळीणबाई उठून उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "मेल्या, भरीतच करायचं होतं तर आधी भाजून तरी घ्यायचं!"

मी वांग्यांतून उठलो तो हसतच. लागलं नव्हतं. उलट मी एकट्याने केवढं अंतर गेलो होतो! लंगडत पळत आलेल्या नानांना म्हणालो, "नाना, आली! मला सायकल आली!"

नाना हसले नाहीत. "तू म्हणालास ना? सोडा म्हणालास ना?"

"मी नाही. तो न्हावी म्हणाला. त्याला प्यायचा होता."

नाना तिथेच वांग्यांच्या राशीशेजारी खाली बसले. चेहरा असा झाला की ती माळीणबाई भांडण विसरून त्यांना पाणी द्यायला लागली. सगळी वांगी मी वेचून दिली, फुटकी काकूंनी रात्री भाजीला घेतली, पण नाना त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता ते मला शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा वर्ग जमल्यावर नानांनी मुंडासं काढून सायकलच्या दांड्यावर ठेवलं. पोरांनी त्यांचं टक्कल पहिल्यांदाच बघितलं असेल, कुणी हसलं नाही.

"काल मी ह्याला न म्हणता सोडला," नाना म्हणाले. "ह्यानं मागं बघितलं, मी नव्हतो. नियम माझा, मोडला मी. दहा उठाबशा. यमू, मोज."

"अहो, काय हे!" आत्याबाई म्हणाल्या. पण नानांनी कान धरलेसुद्धा. तो गुडघा धड खाली जायचा नाही. नाना अर्धेमुर्धे बसायचे आणि उठताना तोंड आवळायचे. "एक," यमू म्हणाली. "दोन." तिचा आवाज बारीक होत चालला. चौथ्याला गुडघा कटकन वाजला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो मी, मला उभं राहवेना. मी पुढे होऊन त्यांचे हात धरले आणि ओरडलो, "सोडा हो, नाना! सोडा! सोडा आता!"

नाना होते तसेच थांबले. अर्धे वाकलेले, दोन्ही कान हातात.

"काय म्हणालास?"

नानांनी पोरांकडे मान वळवली.

"कुणी कुणी ऐकलं?"

सगळ्या पोरांनी हात वर केले. आत्याबाईंनीही केला.

नानांनी कान सोडले. तोंडभर हसू. "तीनदा म्हणाला गडी! गोळी फुटली बाटलीची! चढ सायकलवर, आत्ताच्या आत्ता, गॅस उडायच्या आत चढ!"

"नाना, ते मी उठाबशांना म्हणालो."

"शब्द एकच हाय. जागा तेवढी येगळी. चढ."

चढलो. तीन बोटं सीटखाली आली. घाटाची एक फेरी झाली. दुसरी झाली. नाना मागून काही बोलत नव्हते, फक्त त्यांचा श्वास आणि लंगडी पावलं ऐकू येत होती, आणि मला कळत होतं की मी म्हणेपर्यंत हा माणूस ह्या गुडघ्यावर पळत राहणार, दसऱ्यापर्यंत, दिवाळीपर्यंत. तिसऱ्या फेरीला पिंपळ आला तेव्हा मी समोर बघूनच म्हणालो, "नाना, सोडा."

"सोडला होऽ!"

मी मोठी फेरी मारली. उगाच लांबून घेतली. परत आलो तर नाना त्याच जागेवर होते, हात तसाच पुढे. मुंडासं घालायचं राहूनच गेलं होतं.

दसऱ्याला मी सायकल घेऊन गेलो तेव्हा हँडलला नानांच्या मळ्यातल्या झेंडूचा हार होता. शेटने पेटी चढवली. मला राहवेना. मी सगळं खरं सांगून टाकलं, येते म्हणजे काय येते ते. इस्माईलशेट पोट धरून हसले. "बेवकूफ, महिनाभर तू सायकल ढकलत नेतोस आणि ढकलत आणतोस. मला काय वाटलं, तू तिला हवा खायला नेतोस? मीच तर त्या केरूमाळ्याला सांगितलं, जरा आमच्या पोराकडे बघ म्हणून."

हे नानांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी कमी ऐकू येणारा कान पुढे केला.

पुढे तीन वर्षं मी नाशिक रोडच्या खेपा केल्या. बुधवारी नानांच्या मळ्यातली टोपलीही बाजारात पोचवायचो. मग शेटच्या जावयाने इकडे जबलपुरात कारखाना काढला आणि मशीनची माहिती असलेला माणूस हवा म्हणून माझं नाव निघालं. मला यायचंही होतं आणि भ्यावही वाटत होतं. जबलपूर कुठल्या दिशेला हेही मला नीट माहीत नव्हतं. काकूंनी त्या बक्षिसाच्या मापाने, काठोकाठ भरून, भाकरीचं पीठ काढलं आणि फडक्यात शिदोरी बांधली.

निघायच्या दिवशी नाना नाशिक रोडच्या स्टेशनवर आले, ते यमूच्या सायकलवर मागे बसून. यमू आता अकरा वर्षांची, घामाघूम. "नाना जड आहेत," एवढंच म्हणाली आणि सायकल धरून बाहेरच उभी राहिली. नानांनी मला झेंडूच्या बियांची पुडी दिली. मग विचारलं, "तिकडं घाट हाय का?" "नदी आहे म्हणतात." "मंग झालं."

गाडीने शिटी दिली. मी खिडकीशी बसलो होतो. नानांनी खिडकीच्या गजाला हात लावला. बघितलं तर तीनच बोटं.

गाडी हलली. नाना बरोबर चालू लागले.

"नाना, गाडी सुटली."

"सुटू दे की. तू म्हणालास का?"

मी हसायला गेलो, हसू येईना. नाना लंगडत चालतायत, तोंड खिडकीकडे, माणसांना तोंडानेच बाजूला करत, "पाव्हणं, बाजूला! मावशी, जरा!" तेवढ्यात फलाटावरचा एक बाटलीवाला पेटी घेऊन आडवा आला आणि खणखणीत ओरडला, "सोडाऽऽ! लेमन, सोडाऽऽ!"

नानांनी मान हलवली. "त्याचं न्हाई ऐकायचं आता. एकदा फसलो."

पावलं जलद व्हायला लागली. तो गुडघा मला दिसत होता. पुढे फलाट उतरता होत होता. मी त्या तीन बोटांकडे बघून म्हणालो, "सोडा, नाना."

"सोडला होऽ!"

सायकलवर मागे वळून बघायचं नाही, पुढे बघायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. तेवढं एक मी ऐकलं नाही. खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं.

नाना होते. फलाटावर, जिथे सोडलं त्याच जागेवर, तीन बोटं पुढे करून उभे.